बाईसाहेब आणि शिपाई यांच्या सेवेतून

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडचं मात्र तुझ्या अक्षरावरून ठीक वाटत नाही. वेलांट्या थरथरल्यात. (रागाने लिहिलं असशील तर हरकत नाही. सांधे धरल्यामुळे तसं झालं असेल तर शेक घे, आणि भांडी घासायला भाऊजींना बसव. त्यांच्या सांध्यांना आयुष्यात कधी त्रास झालेला नाही, कारण ते कधी वापरलेच गेले नाहीत.) भाऊजींचा खोकला कसा आहे? धाकटीची परीक्षा झाली का? माझी प्रकृती उत्तम आहे. हे मी मुद्दाम पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतोय, कारण तू पत्र वाचताना आधी तेवढंच शोधतेस आणि ते सापडेपर्यंत बाकीचं नीट वाचत नाहीस.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिसऱ्यात तू मायनाही घातला नाहीस. "जिवंत आहेस की नाही ते एका ओळीत कळव," एवढंच. ताई, एका ओळीत काही कळवणं मला जन्मात जमलेलं नाही हे तुला माहीत आहे. दुसऱ्यांची पुस्तकं तपासून काना-मात्रा दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःचं लिहायला मिळालं की तो सुटतोच. तेव्हा चहा घेऊन बस. तू विचारलंस की परगावात एकटा का कुजतोस, साठी जवळ आली, नोकरी सोड आणि आमच्याकडे येऊन राहा. त्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण ते का आहे हे सांगायला मला पार सुरुवातीपासून सांगावं लागेल.

जुना छापखाना बंद पडला आणि मला इथल्या छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मिळाली, इथपर्यंत तुला ठाऊक आहे. जागा हवी म्हणून मी पहिल्याच दिवशी मालकांना विचारलं. ते म्हणाले, दातांच्या डॉक्टरांचं घर रिकामं आहे, भाडं नावापुरतं, अट फक्त एकच. अट कोणती म्हणून विचारलं, तर ते टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागले आणि मी खोलीबाहेर पडेपर्यंत शोधतच राहिले.

डॉक्टर दोन महिन्यांपूर्वी वारले होते. दारात त्यांची पुतणी किल्ल्या घेऊन उभी होती. (उंबऱ्याच्या आत नव्हती, बाहेर. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.) खाली पुढची खोली पेशंटांना बसायची, आतली खोली दवाखान्याची, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. दवाखान्यात ती मोठी खुर्ची अजून आहे, पायाने दाबली की वरखाली होणारी. तिच्यावर एक राखाडी मांजर बसलेलं होतं आणि पायाशी एक पांढरा कुत्रा, पाठीवर तपकिरी ठिपका असलेला. पुतणीने बाहेरूनच बोट दाखवून ओळख करून दिली. कुत्रा म्हणजे शिपाई, मांजर म्हणजे बाईसाहेब. अट ही, की दोघांना सांभाळायचं.

मी कौतुकाने म्हणालो, "छान नावं ठेवलीत काकांनी."

"काकांनी नाही हो," ती म्हणाली. "काका इथे राहायला आले तेव्हा ही होतीच. नावांसकट." आणि ती गेली. चहाला थांबली नाही, मागे वळून बघितलं नाही, आणि किल्ल्यांची पावतीसुद्धा घेतली नाही.

मग माझी मुलाखत झाली. शिपायाने आधी माझे बूट तपासले, मग ट्रंक, मग एकेक खिसा. तपासणी झाल्यावर तो खुर्चीपाशी गेला आणि मान वर करून उभा राहिला. साहेबांपुढे कागद ठेवून शिपाई उभा राहतो ना, अगदी तसा. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला. जुना कोट विकत घेताना माणूस कॉलर उलटून बघतो तसं मला बघितलं आणि डोळा मिटला. आयुष्यात नोकरीसाठी मी पाच ठिकाणी मुलाखती दिल्या, पण इतक्या कमी वेळात कुणीही मला ठेवून घेतलं नव्हतं.

आता इथल्या एका भिंतीबद्दल. पेशंट बसायच्या खोलीत बाकासमोरच्या भिंतीवर एकाखाली एक अशा पाच चौकटी आहेत, काचेच्या. प्रत्येकीत एक कागद आणि कागदावर कुत्र्यामांजराबद्दलचं एक गमतीचं वाक्य. दात उपटण्याआधी माणसाने थोडं हसावं म्हणून डॉक्टरांनी लावली असतील, असं मला वाटलं. मीही हसलो. सगळ्यात वर होतं: 'कुत्रा मालकाच्या मापाचा होतो, मांजर मालकालाच मापात बसवतं.' त्याखाली: 'कुत्रा माणूस बघून शेपूट हलवतो, मांजर शेपूट हलवून माणूस बघतं.' मग: 'बेसूर गायलं तरी कुत्रा दाद देतो, सुरात गायलं तरी मांजर उठून जातं.' चौथं मला फार आवडलं: 'कुत्र्याचं घड्याळ मालक घरी आला की चालू होतं, मांजर रोज सकाळी मालकालाच चावी देतं.' आणि शेवटचं डॉक्टरांचंच असणार: 'कुत्र्याच्या तोंडात हात घातला तर तो चाटतो, मांजराच्या तोंडात घातला तर हाताला अक्कल येते.'

हसून झाल्यावर माझं धंद्याचं डोकं जागं झालं. (दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतही मी आधी शुद्धलेखन बघतो हे तू चारचौघांत सांगत असतेस.) पाचही कागदांवरची अक्षरं वेगवेगळी होती. पहिलं जांभळ्या शाईतलं, टाकाने लिहिलेलं आणि 'ल' जुन्या वळणाचा. दुसऱ्याची प्रत्येक ओळ टपालाच्या पाकिटावर पत्ता लिहावा तशी उजवीकडे सरकलेली. तिसरं बाईमाणसाचं, गोल. चौथं इतकं बारीक की भिंगाशिवाय लिहिलेलं नसणार. कागद वरून खाली क्रमाने कमी पिवळे होत गेलेले. म्हणजे ही पाच माणसं होती आणि ती एकामागून एक येऊन गेली होती. मी मनात म्हटलं, जुन्या घरात भाडेकरू येतात-जातात, त्यात काय.

माझं प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी सुरू झालं. पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर, पावणेसातला बाईसाहेब माझ्या छातीवर उभ्या राहतात. बसत नाहीत, उभ्या राहतात. चारही पाय एकत्र, सगळं वजन एका रुपयाएवढ्या जागेत, बरोबर काळजावर. डोळे उघडले की उतरतात. मग शिपाई मला फिरायला नेतो. 'मी त्याला नेतो' असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील, पण ते खरं होणार नाही. त्याचा रस्ता ठरलेला आहे. टपालपेटीपाशी एक थांबा, शाळेच्या भिंतीपाशी एक, आणि एका बंद दुकानाच्या शटरपाशी सगळ्यात मोठा थांबा. तिथे तो बसतो, मान वाकडी करतो आणि कुणीतरी काहीतरी सांगत असल्यासारखं ऐकतो. मधे दोनदा शेपूट हलवतो. मग 'बरं, येतो' असं तोंड करून उठतो. पहिले तीन दिवस मी इकडेतिकडे बघत, अवघडून उभा राहायचो. चौथ्या दिवशी निघताना मीही शटरकडे बघून मान हलवली. का हलवली ते मला विचारू नकोस. सभ्य माणसाकडून तेवढं होतंच.

परतताना बेकरी लागते. बेकरीवाल्याने मला बघताच एक पाव आणि चार बिस्किटं कागदात बांधली.

"नेहमीचं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "अहो, मी नवीन आहे."

"हो, नवीनच असतात," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. हसला असता तरी मला बरं वाटलं असतं.

(बिस्किटं बरोबर होती, ताई. दोन माझी, दोन शिपायाची. मला जिऱ्याची आवडतात हे त्याला कुणी सांगितलं?)

संध्याकाळी पाच वाजता बाईसाहेब मोठ्या खुर्चीवरून उतरतात आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीसमोर जाऊन बसतात. म्हणजे मी तिथे बसायचं. मी बसलो की त्या माझ्या मांडीवर, शिपाई पायाशी, आणि सहा वाजेपर्यंत कुणी हलायचं नाही. पायाला मुंग्या येऊन माझा पाय परका होतो, पण हलायची सोय नाही. एकदा मला फार तहान लागली म्हणून मी त्यांना हळूच बाजूला करून उठलो आणि पाणी प्यायला आत गेलो. पेला हातात घेऊन दारातून मागे बघितलं. बाईसाहेब खुर्चीत तशाच होत्या. पण मांजर रिकाम्या खुर्चीत जसं अंगाची गुंडाळी करून झोपतं तशा नव्हत्या. पुढचे पाय खाली सोडलेले, पोट उंचावर, कुणाच्यातरी गुडघ्यांवर आडवं पडल्यासारखं. आणि उजव्या कानामागचे केस दबत होते आणि उठत होते, दबत होते आणि उठत होते. त्या डोळे मिटून गुरगुरत होत्या. वारा असेल. खिडकी बंद होती, पण वाराच असेल. मी पाणी उभ्यानेच प्यायलो आणि सहा वाजेपर्यंत स्वयंपाकघरातच थांबलो. दुसऱ्याची जागा रिकामी नसताना तिच्यावर बसायला जाणं बरं दिसत नाही.

त्यानंतर छापखान्यात माझं वागणं जरा बिघडलं. मुद्रितं तपासताना मी गुणगुणायला लागलो. मला एकही गाणं येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शाळेत स्वागतगीतात मला फक्त तोंड हलवायला सांगितलं होतं. पण शेजारी खिळे जुळवणारे जुळारी म्हणाले की चाल जुनी आहे, सूर पक्का आहे, कुणाकडे शिकलात? मग मी भिंतीवरचं घड्याळ बघून बोललो, "दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय, लंबक खाली घेतलात तर आणखी मागे पडेल, वर घ्या." लोकांनी तो वर घेतला आणि घड्याळ सुधारलं. आणि एका दुपारी यंत्र चालवणारे काका गालाला हात लावून आले, तर मी हातातला कागद खाली ठेवून चक्क त्यांना म्हणालो, "आ करा." त्यांनी केला. (माणसाला कुणी ठासून सांगितलं की तो काहीही करतो.) मी म्हणालो, "डावीकडची शेवटून दुसरी दाढ, मुळाशी पू झालाय." ते त्याच दिवशी पलीकडच्या गावच्या डॉक्टरांकडे गेले. डावीकडची शेवटून दुसरी. मुळाशी पू. तेव्हापासून छापखान्यात मला मान आहे, पण माझ्याशेजारी बसून डबा कुणी खात नाही.

तरी मी गप्प बसलो असतो. पण महिना उलटल्यावर शिपायाला लस टोचायची वेळ आली आणि आम्ही तिघं जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. (बाईसाहेबांना काही टोचायचं नव्हतं. त्या देखरेखीला आल्या.) हे डॉक्टर पन्नाशीचे आहेत. त्यांचे वडील हेच काम करायचे आणि वडिलांचे वडीलही. त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली आणि एक पान उघडलं. वर दोन्ही प्राण्यांचं वर्णन: पांढरा, पाठीवर तपकिरी ठिपका, वय अंदाजे सात. राखाडी, डावा कान टोकाला फाटलेला, वय सांगता येत नाही. खाली मालकांची यादी. शिंपी, खोडलेलं. पोस्टमास्तर, खोडलेलं. गाणं शिकवणाऱ्या बाई, खोडलेलं. घड्याळजी, खोडलेलं. दंतवैद्य, ताजं खोडलेलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि खाली माझं नाव लिहिलं.

मी म्हणालो, "बाकीची शाईने आहेत. माझं पेन्सिलीने का?"

"शाई वाया जाते," ते म्हणाले, आणि लगेच ओशाळले. माणूस वाईट नाही.

मी वर्णनाच्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर त्यांच्या आजोबांचं होतं. वय अंदाजे सात. मी विचारलं, हे कसं? ते म्हणाले, सारखी दिसणारी जनावरं असतात, एक गेलं की लोक तसंच दुसरं आणतात. मी बाईसाहेबांच्या फाटक्या कानाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, मी फक्त सुया टोचतो. पण तुम्हाला घाबरायचं असलं तर अर्धंच ऐकून घाबरू नका. हे पाचही जण एकटे होते. कुणाला मूलबाळ नाही, कुणाशी बोलणं नाही. पाचही जण त्याच घरात गेले, दिवसाढवळ्या, त्या वेताच्या खुर्चीत. चेहरा शांत. आणि पाचही वेळा ही दोघं जवळ होती. आजोबांनी एकदा बघितलं, माझ्या वडिलांनी दोनदा, मी दोनदा. दवाखान्यात गेलेल्या माणसांचे चेहरे मी बघितलेत. असे नसतात."

मी घरी आलो, डोकं बधिर झालेलं. टेबलाशी बसलो, रोजची कामं केली. उठलो तेव्हा भिंतीवर सहावी चौकट होती. तिच्यात कागद, कागदावर माझं अक्षर: 'कुत्रा मालकाच्या चुका पोटात घालतो, मांजर समासात खूण करून ठेवतं.' वाक्य वाईट नाही, तूच सांग. पण ते मी कधी लिहिलं आणि चौकट कुठून आणली, हे मला आठवेना. बोटाला शाई होती. एवढाच पुरावा.

ताई, मी शूर माणूस नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. न्याहारी न करता मी ट्रंक भरली आणि सकाळच्या गाडीने थेट तुझ्याकडे यायला निघालो. हो, तुझ्याकडेच. तुझं दुसरं पत्र खिशात होतं. पुतणीला चिठ्ठी लिहून किल्ली कुंडीखाली ठेवली. बाईसाहेबांनी मला अडवलं नाही. मोठ्या खुर्चीवरून नुसतं बघितलं, आणि बघून झाल्यावर शिपायाकडे बघितलं. तो उठला आणि माझ्या मागून निघाला. मी हाड म्हटलं, दगड उचलल्याचं नाटक केलं, त्याने ते नाटक शेवटपर्यंत शांतपणे बघितलं आणि पुन्हा चालू लागला.

स्टेशनचा पूल चढताना अर्ध्या पायऱ्यांवर माझ्या छातीत काहीतरी उभं राहिलं. आधी वाटलं बाईसाहेब. तेच वजन, तीच जागा. मग हात बधिर झाला आणि पुढे लोखंडी कठडा माझ्या गालाला लागलेला आठवतो. पूल रिकामा होता. शिपाई भुंकला नाही म्हणे. तो खाली धावत गेला, हमालांच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या हमालाचा पायजमा दातात धरून त्याला फरफटत वर घेऊन आला. पायजमा फाटला, मी वाचलो. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी पंधरा मिनिटं आणि मग त्यांना काही करता आलं नसतं.

हे तुला आधी कळवलं नाही म्हणून तू चिडशील. चीड. पण तू धावत आली असतीस आणि तुझे गुडघे त्या पुलावर चढले नसते.

इस्पितळात चौथ्या दिवशी भेटायच्या वेळेत, दुपारी चार वाजता, दार उघडल्यावर बाकीच्यांच्या नातेवाइकांबरोबर बाईसाहेब आत आल्या. रांगेतून आल्या. माझ्या खाटेपाशी थांबल्या, गादीवर उडी मारली, पायाशी लटकवलेला तक्ता बघितला (तपमानाची रेघ शेवटी खाली येत होती, तिथे त्यांनी जरा वेळ लावला), मग माझ्या तोंडाजवळ येऊन माझा श्वास हुंगला. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "तुमचं मांजर बरंच लळ्याचं दिसतंय." बिघडलेली वस्तू दुरुस्त होऊन येईल की नवीन आणावी लागेल, हे बघायला आलेल्या माणसाचं तोंड मला ओळखता येतं. पाच वाजता घंटा झाली तशा त्या सगळ्यांबरोबर उठून गेल्या. सिस्टरनी वहीत लिहिलं: खाट अकरा, भेटीला एक.

तिथे पडल्या पडल्या मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. शिपायाने मला वाचवलं, की घरगडी पळून जाऊ दिला नाही? आधी मला वाटलं की हे नक्की कळल्याशिवाय त्या घरात पाऊल ठेवायचं नाही. मग शेजारच्या खाटा बघितल्या. अकरा दिवसांत तीन खाटा रिकाम्या झाल्या, ताई, आणि त्यातल्या दोघांजवळ त्या वेळी कुणीही नव्हतं. एकाचं तोंड दाराकडे होतं. त्यानंतर मी तो प्रश्न विचारायचं सोडून दिलं. त्यांनी मला कशासाठी वाचवलं हे त्यांचं त्यांना माहीत. पण त्या पुलावर माझ्यासाठी कुणाचातरी पायजमा फाटला, आणि तेवढं मला पुरतं.

मी रिक्षाने घरी आलो. शिपाई फाटकापाशी होता. मी आत जाऊन ट्रंक वर नेली आणि कपडे कपाटात लावले. पाच वाजता वेताच्या खुर्चीशी गेलो आणि मुद्दाम मोठ्याने विचारलं, "बसू का?" कुणी नाही म्हणालं नाही. बसलो. खुर्ची कोमट होती. हल्ली मला त्याचं काही वाटत नाही. आत्ता हे पत्र लिहितोय तेव्हासुद्धा मागे कुणीतरी फार हलक्या आवाजात गुणगुणतंय आणि एका जागी सूर चुकला की थांबून पुन्हा पहिल्यापासून घेतंय. शिकवणाऱ्या माणसाची सवय जात नाही.

तेव्हा मी तुझ्याकडे राहायला येत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्याकडे प्रेम आहे, जेवण आहे, पण तुझ्या घरात मी पाहुणा असेन. इथे माझी गरज आहे. पाव आणायला, खिडकी उघडायला, पाच ते सहा न हलता बसायला. साठीला आलेल्या माणसाला इतक्या नेमक्या कामावर कोण ठेवतं? भाऊजींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. सांध्यांना शेक घ्यायला विसरू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा उघडलं. सोबत एक फॉर्म आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी दिलाय. 'मालक उपलब्ध नसल्यास' अशी एक ओळ आहे आणि तिथे मी तुझं नाव घातलंय. नुसती सही कर, बाकी काही नाही. आधीच्या पाचांपैकी कुणाकडेही त्या ओळीत लिहायला नाव नव्हतं, म्हणून दर वेळी घर बराच काळ रिकामं राहायचं, असं ते म्हणाले. भाऊजींना सांगू नकोस, त्यांना मांजराने शिंका येतात.

ता. क. २. प्रकृतीबद्दल वर जे लिहिलंय ते तू काळजी करू नयेस म्हणून लिहिलंय.

ता. क. ३. हे घाईत लिहितोय. बाईसाहेब सोमवारपासून घरात नाहीत. आज गुरुवार. पाचला खुर्चीसमोर कुणी येऊन बसत नाही. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "कुठल्या दिशेने गेल्या?" मी म्हणालो, बेकरीवाल्याने स्टेशनच्या पलीकडे, रुळांच्या कडेने जाताना बघितलं. ते म्हणाले, "तिकडे तुमचं कोणी आहे का?" मी म्हणालो, बहीण आहे. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "फॉर्मवर नाव त्यांचंच आहे ना? मग बहिणीला लवकर बोलावून घ्या."

तुझ्या अंगणात त्या आल्या असतील तर हाकलू नकोस. वाटी भरून दूध दे, थकल्या असतील. आणि मग घर भाऊजींवर सोपव आणि पहिल्या गाडीने निघ. पूल चढू नकोस, मागच्या फाटकाने ये, तिथे एकही पायरी नाही. मी घ्यायला आलो असतो, पण शिपायाने आज सकाळपासून माझ्या पावलावर हनुवटी टेकवलीय आणि तो मला उठू देत नाही.